मोतीवाल्या कंपनीतला माझा हिस्सा

३ फेब्रुवारी

आज शेअर घेतले. एकाच कंपनीचे, एका दमात, चौऱ्याऐंशीच्या भावाने. घेतल्याघेतल्या दादाला फोन करून सांगितलं. त्याला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर सगळी मजा गेली असती.

"कुठली कंपनी?"

नाव सांगितलं.

"अगं, ती दोन वर्षं तोट्यात आहे! कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मला दिसतंय ते तुला दिसत नाही, एवढंच."

माझा थोरला भाऊ तीस वर्षं विमा विकतोय, त्यामुळे पैशातलं फक्त त्याला कळतं. वडिलांनी त्याला व्यवहार शिकवला आणि मला भरतकाम. भरतकाम मला कधी आलं नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

मी कानाच्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे, बावीस वर्षं. लोकांचे कान तपासते, साचा घेते, यंत्र बसवते. या कंपनीचं यंत्र एवढंसं असतं, म्हणून आम्ही त्याला मोतीच म्हणतो. किंमत इतरांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. दीडशेएक कानांत मी स्वतः बसवलेत. दादाने आजवर एका तरी कानात डोकावून पाहिलंय का?

११ फेब्रुवारी

भाव एकोणऐंशी. चढउतार व्हायचाच.

आज सुतारकाका आले होते. वय सत्तर, करवतीने दोन्ही कान खाल्लेले. मोती बसवले, उठा म्हटलं. दोन पावलं टाकून थांबले आणि खाली बघायला लागले.

"बाई, माझी चप्पल एवढी वाजते?"

मग खोलीभर चप्पल वाजवत फिरले. त्यांची बायको मागे दारात उभी होती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला, आता मला ओरडायला नको."

तिचं तोंड न बघता त्यांना ऐकू गेलं. वळून म्हणाले, "ओरड की. सवय झालीय मला."

असं यंत्र करणारी कंपनी बुडते म्हणे. दाखवा मला बुडवून.

२७ फेब्रुवारी

एकसष्ट. दादाचा फोन सकाळी आठला, अगदी गोड आवाजात. "काय म्हणतेय तुझी कंपनी?" मी म्हटलं, "स्वस्त झालीय, अजून घेतेय." त्याने घाईने फोन ठेवला. बरं वाटलं.

अजून घ्यायचे तर पैसे हवेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि यजमानांचे गुडघे गेलेत. तळमजल्याच्या घरासाठी दोन ठेवी बाजूला ठेवल्यात. यजमान गणिताचे मास्तर होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीसुद्धा. ते पेपर वाचत बसले होते. मी भांडी घासता घासता म्हटलं, "अहो, घराच्या दोन ठेवींतली एक मोडते आणि मोतीत घालते. भाव पडल्यावरच घ्यायचं असतं."

पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हो हो, चालेल."

मला अगदी भरून आलं. जो माणूस पस्तीस वर्षं दुकानदाराची बेरीज दोनदा तपासत आला, त्याने एका शब्दात होकार दिला. विश्वास म्हणतात तो हा. दादाच्या बायकोला विचारावं, तिला कधी मिळालाय का असा.

९ मार्च

त्रेपन्न. डॉक्टरांनी आज केबिनमध्ये बोलावलं. दवाखाना त्यांचा, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण हुशार बाई.

"ताई, गेल्या महिनाभरात तुम्ही सगळ्यांना मोतीच सुचवलात. अठरा जणांना. एकालाही दुसरं यंत्र योग्य वाटलं नाही?"

"मोती चांगला आहे म्हणून."

"तुमच्याकडे त्या कंपनीचे शेअर आहेत म्हणे."

दवाखान्यात भिंतींना कान असतात, आणि आमच्याकडे तर फारच तीक्ष्ण. मी म्हटलं, "आहेत. चांगला आहे म्हणूनच शेअर घेतले. शेअर घेतले म्हणून चांगला म्हणत नाही." त्या म्हणाल्या, "मला माहितीय. पण समोर बसलेल्या माणसाला तो फरक कसा कळणार?"

दिवसभर डोकं तापलेलं होतं. बावीस वर्षांत माझ्या सचोटीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मोती चार्ज करायची डबी बंद पडली म्हणून आज आणखी दोघं आले. लोकांना साधं झाकण नीट लावता येत नाही. मी खणातल्या नव्या डब्या देऊन टाकल्या, जुन्या खणात ठेवल्या. तक्रारवहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं.

१७ मार्च

सुतारकाका मुद्दाम कळवायला आले. त्यांनीही शेअर घेतले, सहाशे. "तुम्ही एवढ्या खात्रीने सांगितलंत, म्हटलं आपणही घ्यावेत."

मी घ्या असं म्हटलं नव्हतं. मी घेतलेत एवढंच म्हटलं होतं. असो. शहाण्या माणसाला इशारा पुरतो.

मास्तर हल्ली बुद्धिबळाला जात नाहीत. शेजारचा मित्र हाका मारून गेला, यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. निवृत्तीनंतर माणसं तिरसट होतात, ऐकलं होतं. टीव्ही एवढा मोठा लावतात की मला गॅलरीत जाऊन फोन करावा लागतो.

२ एप्रिल

अडतीस. आणखी पाचशे घेतले. आता एकूण चार हजार दोनशे.

१३ एप्रिल

कंपनीचं पत्र आलं. 'सन्माननीय भागधारक' अशी सुरुवात. माणसाला एकदम सन्माननीय केलं की समजावं, खिशात हात जाणार आहे. कंपनीकडचे पैसे संपत आलेत. ती नवे शेअर काढून एका मोठ्या फंडाला पंधराच्या भावाने देणार. एकोणीस मेला सभा, ठराव, मतदान. बाजार उघडल्यावर भाव तेवीस.

मला नीट कळेना. माझे चार हजार दोनशे तर तसेच राहणार होते. दुपारी मास्तरांच्या समोर बसून पत्र पुढे केलं. ते खुलले. गणित समोर आलं की हा माणूस दहा वर्षांनी तरुण होतो.

"समज, एका घराचे चार वारस आहेत. आता आणखी सहा आणले. तुझ्या खोलीतून तुला कुणी काढत नाही. भिंती फक्त आत सरकतात."

"पण ते सहा जण पैसे आणणार ना? घर मोठं होईल."

"आणणार. पण तू चौऱ्याऐंशी देऊन आत आलीस, ते पंधरा देऊन येतायत. आणि दहातले सहा ते. मग दार कधी उघडायचं हे कोण ठरवणार?"

मी म्हटलं, "म्हणजे आता पडत्या भावात घेतले तरच माझा हिस्सा टिकेल. दुसरी ठेवही मोडते."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "दुसरी? पहिली कुठं गेली?"

"फेब्रुवारीत मोडली ती. तुम्हीच हो म्हणालात."

"मी?"

"तुम्ही पेपर वाचत होतात, मी भांडी घासत होते. हो हो चालेल म्हणालात."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "नळ चालू असेल."

नळाचा इथे काय संबंध? स्वतःचा शब्द फिरवायला माणूस काय काय कारणं काढतो! मी तसं बोललेही. मग आम्ही दोघं खूप बोललो. ते इथे लिहीत नाही.

१६ एप्रिल

दोन दिवस अबोला. आज दवाखान्यात एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "कधीपासून लक्षात आलं तुमच्या?" ती म्हणाली, "कसलं लक्षात येतंय? मला वाटायचं, मुद्दाम करतात. टीव्ही मोठा लावायचे, हाक मारली तरी गप्प."

मी तिचा कागद भरत होते. हात तिथेच थांबला.

बावीस वर्षं मी अशा बायकांना मनात हसत आलेय.

१८ एप्रिल

शनिवार. दवाखाना बंद झाल्यावर मास्तरांना आवाजबंद खोलीत बसवलं. "मला काही झालेलं नाही" असं जिन्यावरून उतरताना तीनदा म्हणाले.

कानावर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. सूर ऐकू आला की दाबायचं. सुरुवातीला अगदी उत्तम. प्रत्येक वेळी बरोबर दाबतायत. मी चकित झाले. मग काचेतून त्यांच्या ओठांकडे लक्ष गेलं. मोजत होते! मी दर चार सेकंदांनी सूर सोडतेय हे ओळखून मास्तर चार मोजून बटण दाबत होते.

मी एकही सूर सोडला नाही. नुसती बसले. आत मास्तर शांतपणे दाबतायत. एक-दोन-तीन-चार, दाब.

हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. दार उघडून म्हटलं, "मास्तर, कॉपी करताना पकडले गेलात."

मग खरी तपासणी केली. डावा कान जवळजवळ गेलाय, उजवा अर्धा. चार-पाच वर्षं तरी झाली असणार.

"सांगितलं का नाहीत?"

हेडफोन हातात फिरवत म्हणाले, "तू दिवसभर बहिऱ्यांशी ओरडून बोलतेस. म्हटलं, घरी एक तरी ऐकणारा असावा."

म्हणजे फेब्रुवारीतला तो होकार होकार नव्हताच. मी माझी मीच परवानगी काढली आणि त्याला विश्वास असं नाव दिलं. हे लिहायला जड जातंय. पण ही वही माझी आहे, इथेही लबाडी केली तर मग कुठे खरं बोलायचं?

२१ एप्रिल

मी म्हटलं, "मोती बसवते तुम्हाला." मास्तर म्हणाले, "आणि कंपनी बुडाली तर? दुरुस्ती कोण करणार?"

"मोती बिघडत नाही."

दवाखान्यात गेल्यावर मी तो खण उघडला. बंद पडलेल्या डब्या मोजल्या. एकतीस. झाकण लावता न येणारी एकतीस माणसं माझ्याकडेच कशी येतील? सगळ्या तक्रारवहीत चढवल्या, तारखा आठवतील तशा, आणि वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पानं उलटली, मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. एक शब्दही लागेल असा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मास्तरांना सध्या दवाखान्यातलं दुसऱ्या कंपनीचं मोठं यंत्र वापरायला दिलंय, उसनं.

२६ एप्रिल

भाव एकोणीस. सुतारकाकांच्या कारखान्यात गेले. रविवार होता तरी एक कपाट चालू होतं. लाकडाच्या भुशात उभं राहून सगळं सांगितलं. नवे शेअर, पंधराचा भाव, खणातल्या डब्या, सगळं. "माझ्यामुळे तुम्ही अडकलात. मी डोळे मिटून बोलत होते."

ते रंधा पुसत राहिले. चिडले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. म्हणाले, "बाई, तुम्ही मला ऐकायला दिलंत, म्हणून तुमचं ऐकलं. त्यात तुमची काय चूक?"

याच्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "त्या सभेत आपल्यासारख्याला बोलू देतात?"

"ज्याच्याकडे एक शेअर आहे त्यालाही."

"मग चला की. माझीपण डबी बंद पडलीय."

८ मे

दादा घरी आला. यावेळी टोमणा नाही, चेहरा खरंच काळजीचा. "जे हाताला लागतं ते घेऊन बाहेर पड. सभेत जाऊन काय करणार? संचालक आणि त्यांच्या बाजूचे मोठे भागधारक मिळून ऐंशी टक्के मतं त्यांची. ठराव झाल्यातच जमा आहे."

"माहितीय."

"मग भिंतीवर डोकं कशाला आपटतेस?"

"डोकं माझं आहे, दादा. भिंतीला तरी कळू दे की कुणीतरी आपटलं."

मास्तर हसले. मोठं यंत्र कानात होतं, सगळं ऐकत होते. दादा त्यांच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही तरी सांगा हिला." मास्तर म्हणाले, "ऐकायला लागून तीन आठवडे झालेत. सांगायला अजून वेळ आहे."

दुसरी ठेव मोडलेली नाही. मोडणारही नाही. मास्तरांना समोरासमोर बसून, नळ बंद करून, तसा शब्द दिलाय.

१९ मे

सभा एका हॉटेलच्या हॉलमध्ये. तीनशे खुर्च्या, माणसं चाळीस. बाकी मतं आधीच कागदावर पडलेली. व्यासपीठावर पाच जण, शेवटच्या खुर्चीत फंडाचा माणूस. अध्यक्षांनी अर्धा तास भविष्याबद्दल सांगितलं. कंपनीचं वर्तमान बरं नसलं की भविष्य फार बोलतं.

प्रश्न विचारायची वेळ आली. भावाबद्दल दोघांनी विचारलं, दोघांना तेच गुळगुळीत उत्तर. मग मी उठले.

"मी चार हजार दोनशे शेअरची मालक. त्याहून महत्त्वाचं, मी तुमची यंत्रं लोकांच्या कानांत बसवते. तुमची डबी दीड वर्षाच्या आत बंद पडते, कधीकधी तर अडीच महिन्यांत. एकतीस मी स्वतः मोजल्यात. ठराव तुम्ही करणारच, त्याला माझा विरोध लिहून घ्या. पण ज्यांच्या कानात मोती आहे त्यांना डब्या आणि सुटे भाग किती वर्षं मिळणार, ते सांगा."

अध्यक्ष म्हणाले, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे."

"नोंद कुणी घेतली? तुमच्या चिटणिसांचं पेन टेबलावर पडलंय."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. चिटणिसांनी पेन उचललं.

"मॅडम, वेळेअभावी…"

तेवढ्यात शेजारी सुतारकाका उभे राहिले. चप्पल वाजवत सरळ पुढे गेले आणि आपली बंद डबी अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली. मग म्हणाले, "साहेब, ही चालत नाही. बाईंनी दुसरी दिली म्हणून ऐकतोय. तीही उद्या बंद पडली तर मी परत करवतीच्या जगात. घरी बायको आहे, तिला परत ओरडायला लावू का?"

मागून एक बाई उठली, "माझ्या आईचीपण हीच तक्रार आहे." मग आणखी एक जण. चाळीसातले अकरा उभे. मी मोजले.

फंडाचा माणूस अध्यक्षांच्या कानाशी लागला. दोन मिनिटांनी अध्यक्ष म्हणाले, डब्या विनामूल्य बदलून दिल्या जातील, आणि सुटे भाग सात वर्षं पुरवले जातील.

"वाचून दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"लिहिलंय ते. वाचून दाखवा."

चिटणिसांनी वाचलं. 'शक्यतो' असा एक शब्द मध्येच घुसवला होता. मी म्हटलं, "तो काढा." काढला.

नंतर मतदान झालं. ठराव एक्क्याऐंशी टक्क्यांनी मंजूर. माझा हिस्सा निम्म्याहून कमी झाला, आणि जेवणाची सोय केली आहे अशी घोषणा झाली. आम्ही जेवलो नाही. सुतारकाका म्हणाले, "आपल्याच पैशाचं आहे, खाऊया की." पण तेही बाहेर पडले.

२२ मे

सोळाने विकले. चौऱ्याऐंशी, एकसष्ट आणि अडतीसला घेतलेले, सोळाने. चौथा हिस्सासुद्धा परत आला नाही. तळमजल्याचं घर लांबलं. डॉक्टरांना विचारलं, निवृत्तीनंतर दोन वर्षं काम देता का. "तुम्ही थांबणार म्हटल्यावर मला बरंच वाटलं," म्हणाल्या. मास्तरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी जिन्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बावन्न पायऱ्या. मोजायला येतात." राग आला असता तरी चाललं असतं. माझा मला आलेला आहेच.

सगळे विकले नाहीत. एक ठेवला. पुढच्या वर्षी सभा आहे आणि बोलायला एक पुरतो. सात वर्षं मी तिथे जाऊन उभी राहणार आहे. त्यांनी खुर्च्या कमी ठेवल्या तरी चालेल.

सुतारकाकांनी एकही विकला नाही. "लाकूड वाळायला वेळ लागतो," म्हणतात. मी यावेळी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हटलं, आणि दोन्ही बाजू सांगितल्या.

११ जून

मी विकल्यापासून भाव चढतोय. आज चोवीस. दादाचा फोन आलाच. "थोडं थांबली असतीस तर!"

"तूच बाहेर पड म्हणत होतास."

"हो, पण…"

"दादा, तुला तरी कुठं कळतं?" तोही हसला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या असल्या वाक्यावर हसला.

दवाखान्यात नव्या डब्यांचं खोकं आलं, साठ नग, विनामूल्य. एकेकाला फोन करून बोलावतेय.

संध्याकाळी मास्तर म्हणाले, "उसनं यंत्र परत करायला हवं. आता माझं स्वतःचं घ्यायचं. कुठलं घेऊ?"

"डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं. "माझं काय ऐकता?"

"डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या कानांना दोन्ही चालतील, ताईंना विचारा."

त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर आणली.

"फेब्रुवारीत विचारलं असतं तर तुझं उत्तर मला ठाऊक होतं. आता तुझा त्यात काही फायदा नाही. म्हणून आता विचारतोय."

"एक शेअर आहे माझा."

"एका शेअरला विकली जाणारी बाई नाहीस तू. सांग."

मी सगळं सांगितलं. मोठं यंत्र मजबूत, पण गर्दीत सगळेच आवाज वाढवतं. मोतीची डबी कच्ची, आता बदलून मिळेल, पण कंपनीचा भरवसा कुणी द्यावा? आवाज मात्र माणसाचा माणसासारखा येतो, पत्र्यातून आल्यासारखा नाही. सांगताना मध्ये दोनदा थांबले, कुठे वाढवून तर सांगत नाही ना, हे बघायला. नव्हते सांगत.

"मग?"

"मोती," मी म्हटलं. "दादाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मोतीच."

"बरं," मास्तर म्हणाले. "ऐकलं मी. नीट ऐकलं."